रंगाच्या आधी लोखंड बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च तोंडावर आला आहे. निधी परत जाऊ नये म्हणून गावोगावच्या ग्रामपंचायतींत आणि शाळांत आता रंगकामाची घाई सुरू होईल. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, बसथांब्याचं शेड, टाकीची शिडी, अंगणवाडीची घसरगुंडी, सगळ्यांवर नवा हात फिरेल. मी दर्यापूर तालुक्यात फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. वेल्डिंग आणि रंग हाच माझा रोजचा धंदा. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ब्रश लागायच्या आधी, लोखंड उघडं असताना, एकदा स्वतः जाऊन ते बघा. रंग मारून झाल्यावर बघून काहीच कळत नाही.

हे लिहायला कारण घडलं ते एका शाळेच्या झोपाळ्याचं. गेल्या पावसाळ्यानंतर तो माझ्याकडे दुरुस्तीला आला. उन्हाळ्यातच त्याला रंग दिला होता आणि तो निळा रंग अजून चकाकत होता. दोन पोरं बसलेली असताना त्याचा एक पाय जमिनीलगत वाकला. पोरं खाली पडली, गुडघे-कोपरं खरचटली, तेवढ्यावर निभावलं. मी तो पाय आडवा टाकला आणि हातोडीच्या टोकाने वरून ठोकत खाली येत गेलो. वर टणटणीत आवाज. सिमेंटच्या कट्ट्याच्या वीतभर वर आवाज बद्द झाला, आणि कट्ट्याला लागून जिथे पाइप गाडलेला होता तिथे पहिल्याच ठोक्याला टोक आरपार गेलं. कटरने पाइप चिरला तर आत चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा भरलेला. पाइपची भिंत कुठे अर्धा मिलिमीटर उरली होती, कुठे लोखंड संपून नुसता रंगच उभा होता. निळ्याच्या खाली हिरवा, हिरव्याच्या खाली पिवळा, आणि प्रत्येक रंगाच्या पोटात गंजाचा एक थर. दर वेळी गंजावरच रंग चढला होता आणि दर वेळी कामाचे पैसे निघाले होते.

झोपाळा घेऊन आलेले समितीचे एक काका मला म्हणाले, "भाऊ, रंग तं आमी मारतच रायतो, मंग जंग काहून लागते?" हा प्रश्न मला दुकानात नेहमी ऐकायला मिळतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. रंगाचा पापुद्रा या दोघांना अडवतो, पण पूर्ण बंद करत नाही. ओल त्यातून हळूहळू आत जातेच. खाली लोखंड स्वच्छ असेल आणि रंग त्याला घट्ट धरून बसला असेल तर त्या ओलीला जमायला जागा मिळत नाही. खाली गंज असेल तर उलट होतं. गंज पोकळ असतो, भुसभुशीत असतो, तो ओल धरून ठेवतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. तो आतून फुगतो, रंग उचलतो, रंगाला चीर जाते, मग पाण्याला सरळ वाट मिळते. वरचा रंग कितीही महागाचा असो, त्याने ज्याला धरलं आहे तेच सुटून आलं तर तो कशाच्या जोरावर टिकणार?

आमच्या भागात यात आणखी एक भर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. इथलं बोअरचं पाणी खारट आहे, माती चिकण, काळी आणि बऱ्याच ठिकाणी क्षारांची. मीठ गंजाचा वेग वाढवतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून मिठाचा अंश राहिलेलं लोखंड वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलंच असतं. कित्येक जण जुनी जाळी घासून झाली की बोअरच्या पाण्याने धुतात. वाळेपर्यंत तिच्यावर पिवळट झाक येते. ती झाक फडक्याने पुसून वर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला तरी मीठ खालीच राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतात. धुवायचंच असेल तर शहानूर धरणाच्या नळाचं नाही तर साठवलेल्या पावसाचं गोडं पाणी वापरा, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून उन्हात वाळवा. आमच्या पट्ट्यात ही एक गोष्ट पाळली तरी बराच फरक पडेल, असं मी अनुभवाने सांगतो.

नव्या लोखंडाबद्दलही मोठा गैरसमज आहे. दुकानातून आणलेल्या अँगलवर, चॅनलवर निळसर काळी चकाकी असते. कारखान्यात लोखंड तापवून लाटताना ती पापडी तयार होते. लोकांना वाटतं ते संरक्षण आहे. पण ती पापडी ठिसूळ असते. उन्हाने तापून आणि रात्री गार होऊन तिला तडे जातात, आणि तड्याच्या जागी उघडं पडलेलं लोखंड पापडीमुळे उलट जास्त वेगाने गंजतं, तिथे खोल खड्डे पडतात. वर रंग असेल तर पापडी रंगासकट सुटून येते. चौकोनी पाइपांवर वेगळी अडचण असते, त्यांना बारीक तेलाचा हात असतो. ते तेल आधी थिनरने काढायचं, मग घासायचं. बरेच जण आधी वायर ब्रश चालवतात. त्याने तेल निघत नाही, सगळीकडे पसरतं. थिनरचं फडकंही बदलत राहावं लागतं, नाही तर एका टोकाचं तेल दुसऱ्या टोकाला लागतं. वेल्डिंगच्या सांध्यावरचा स्लॅग, म्हणजे वितळून गोठलेली काळी खपली, ठोकून काढावा, आजूबाजूला उडालेले छर्रे छिन्नीने उडवावेत. फाटकाला सगळ्यात आधी गंज लागतो तो सांध्यालाच, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हा न काढलेला स्लॅग असतो.

जुन्या लोखंडाला मेहनत जास्त. जाड पापुद्रे आधी हातोडीने आणि पत्रीने पाडायचे. मग वायर ब्रश, मोठं काम असेल तर ग्राइंडरला कप ब्रश. इथे एक सावधगिरी हवी. कप ब्रश एकाच जागी दाबून फिरवला की गंज निघण्याऐवजी घोटला जातो आणि तपकिरी चमक येते. बघणाऱ्याला वाटतं साफ झालं. त्या गुळगुळीत जागेवर प्रायमर धरत नाही. म्हणून शेवटी ८० नंबरच्या एमरीने हात मारून पृष्ठभाग खरखरीत करावा आणि धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. खड्ड्यांचे तळ, पट्टीच्या कडा आणि जाळीच्या मागची बाजू इथेच काम चुकवलं जातं, तेव्हा तपासणाऱ्याने तिथेच बोट फिरवावं. बोटाला तांबूस पूड लागली तर काम झालेलं नाही.

किती साफ म्हणजे साफ, यासाठी जगभर चालणारी मापं आहेत. आयएसओ ८५०१-१ या मानकात हाताने किंवा मशीनच्या ब्रशने केलेल्या सफाईला एसटी २ आणि एसटी ३ अशा पायऱ्या दिल्या आहेत, आणि दाबाने वाळू किंवा छर्रे मारून केलेल्या सफाईला एसए २.५ वगैरे. आपल्याकडे इमारतींतल्या लोखंडाच्या रंगकामासाठी आयएस १४७७ ही संहिता आहे, तिचा पहिला भाग रंगाआधीच्या तयारीवरच आहे. म्हणजे ही माझ्या मनची गोष्ट नाही. खेड्यातल्या दुकानात एसटी ३ पर्यंतचं काम सहज होतं. सगळा सुटा गंज आणि सुटा रंग गेलेला, आणि धातूची चमक स्पष्ट दिसणारी, इतकंच. कोणी कोरड्या वाळूचा फवारा मारून देतो म्हणाला तर गावात, शाळेजवळ मुळीच करू देऊ नये. ती बारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही.

धुळीचा विषय निघाला म्हणून शाळांसाठी आणखी एक सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर खाली असतील तर ते कोरडे घासू नयेत. पाणी शिंपडून, ओल्या पॉलिश पेपरने घासावेत, खाली ताडपत्री अंथरावी, निघालेला कचरा गोळा करून बाजूला करावा. घासणाऱ्याने चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावावा. पोरांना त्या दिवशी तिथे फिरकू देऊ नये. सुट्टीच्या दिवशी काम ठेवलं तर उत्तम. लहान मुलांच्या अंगात शिसं गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तेव्हा इथे हयगय चालणार नाही.

आता औषधांबद्दल. बाजारात गंज घालवणारी आणि गंज पालटणारी दोन प्रकारची द्रावणं मिळतात. फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण पातळ गंजाचं फॉस्फेट करतं. टॅनिक आम्लाचं द्रावण गंजाला निळसर काळं करतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं त्याच जातीचं हे. दोन्ही उपयोगी आहेत, पण घासून झाल्यावर खड्ड्यात जो चिकट पातळ गंज उरतो तेवढ्यासाठीच. जाड पापुद्र्यावर ओतलं तर वरचा थर पालटतो आणि खालचा तसाच राहतो. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवावं, आणि पाण्याबद्दल वर सांगितलंच आहे. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कोणीही वापरू नये. त्याने गंज भराभर उतरतो खरा, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यातला क्लोराइडचा अंश फटीत आणि सांध्यात राहतो. खारपाणपट्ट्यात आधीच मीठ कमी आहे का, की आपण वरून आणखी लावावं?

घासलं की त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. सकाळी घासायचं आणि "उद्या मारू" म्हणायचं, तर रात्रीच्या दवात सगळी मेहनत जाते. पावसाळी हवेत तर काही तासांतच लोखंड पिवळं पडतं. प्रायमर लावताना आधी कडा, सांधे आणि बोल्टची डोकी ब्रशने रंगवून घ्यावीत, मग सपाट भाग. ओला रंग कडेवरून मागे ओढला जातो आणि कड उघडी राहते, म्हणून कडांना जास्तीचा हात हवाच. रेड ऑक्साइडचा एक हात वाळल्यावर जेमतेम ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो. तेव्हा प्रायमरचे दोन आणि वरच्या रंगाचे दोन हात ही किमान गरज आहे. रॉकेल-पेट्रोल घालून पातळ केलेल्या रंगाचे चार हातही त्याची बरोबरी करत नाहीत. नुसता लाल प्रायमर मारून फाटक वर्षभर तसंच ठेवणारेही पुष्कळ आहेत. प्रायमर स्वतः ऊन-पाणी झेलायला बनलेला नसतो, तो उन्हात भुकटी होऊन जातो.

कोणता प्रायमर, असंही विचारतात. रेड ऑक्साइड-झिंक क्रोमचा जुना माहितीचा प्रायमर घेतला तर डब्यावर आयएस २०७४ हा आकडा पाहून घ्यावा. पण त्यातलं क्रोमेट कर्करोगाला कारण ठरणारं आहे, पुढे कधी तो घासायची वेळ आली की धूळ नाकात जाते. शाळा-अंगणवाडीच्या कामाला मी झिंक फॉस्फेटचा प्रायमर वापरतो आणि इतरांनीही तोच मागावा असं सांगतो.

आपल्या हवेचंही गणित आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा लोखंडावर रंग पसरायच्या आत वरून वाळतो, आतला थिनर अडकतो आणि फोड येतात. जानेवारीच्या सकाळी दव असतं, ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगवू नये, आणि लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम असावं, असा नियम आहे. मीटर नसेल तर ओलं फडकं एका पट्ट्यात फिरवावं. तो पट्टा पंधरा मिनिटांत सुकला तर हवा ठीक आहे, ओलाच राहिला तर थांबावं. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा, सकाळी दव उडाल्यापासून दुपारी लोखंड तापेपर्यंत, याहून चांगला काळ आमच्याकडे नाही. निधीची घाई आणि हवेची सोय एकाच महिन्यात जुळून आली आहे, तिचा फायदा घ्यावा.

टिनाच्या शेडबद्दल थोडक्यात. नव्या चकचकीत जस्ती टिनावर साधा ऑइल पेंट मारू नये. रंगातल्या तेलाचा जस्ताशी संयोग होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापडासारखा निघतो. जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर आधी लावावा, नाही तर टिन तसंच राहू द्यावं, त्याचं जस्त त्याला सांभाळतं. पेरणी यंत्राची खताची पेटी हाही शेतकऱ्यांचा नेहमीचा त्रास. पोटॅश म्हणजे क्लोराइडच, आणि डीएपी-युरियाही ओल ओढतात. पेरणी संपली की पेटी त्याच दिवशी रिकामी करून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावी. फाळांना जळकं ऑइल लावतात ते ठीक आहे, पण ज्या भागाला पुढे रंग द्यायचा आहे तिथे ते लावू नये.

झोपाळ्यासारख्या गाडलेल्या खांबांना मात्र नुसत्या रंगाने भागत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात कट्टा हलतो आणि पाइप व सिमेंट यांच्यात फट पडते. त्या फटीत पाणी महिनोन्महिने बसून राहतं. वरून पाइपचं तोंड उघडं असेल तर पाऊस आतही उतरतो. म्हणून पाइपचं वरचं तोंड पट्टी वेल्ड करून बंद करावं. कट्टा जमिनीच्या चार बोटं वर घ्यावा आणि त्याला सगळ्या बाजूंनी बाहेर उतार द्यावा, म्हणजे पाणी पाइपाशी थांबणार नाही. सांध्यात डांबर किंवा सिलंट भरावं. गाडायच्या आधी तो भाग खालीवर वीतभर जास्तीचा रंगवून घ्यावा. हे करायला थोडं सिमेंट आणि एका दुपारची मजुरी लागते.

आता मुद्द्याचं. पेंटरला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, घासण्यात गेलेला दिवस कोणी मोजत नाही. अंदाजपत्रकात "पृष्ठभाग स्वच्छ करून" असे दोन-तीन शब्द असतात, पण ते झालं की नाही हे कोण, केव्हा बघणार हे कुठेच नसतं. बघायला माणूस येतो तो रंग वाळल्यावर, तेव्हा सगळंच सारखं चकाकतं. म्हणून माझी मागणी अशी आहे की ग्रामपंचायतीने आणि शाळेने कामाच्या अटीत घासण्याची मजुरी वेगळी दाखवावी आणि ती पूर्ण द्यावी. घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, समितीतल्या दोघांनी येऊन उघडं लोखंड बघावं, तारखेसह फोटो काढावा, आणि तो फोटो असल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. प्रायमरचा रंग आणि वरचा रंग वेगळा ठेवावा, म्हणजे कुठला हात चुकला ते कळतं. दोन प्रायमरही वेगळ्या छटांचे घेतले तर आणखी बरं. यात कुठलीही नवी योजना नको की जास्तीचा निधी नको. आज रंगावर आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंगावर जे जातं, त्यातलाच थोडा भाग हातमजुरीकडे वळवायचा आहे.

आणि ज्या शाळेत झोपाळा, घसरगुंडी, सी-सॉ आहे, तिथल्या गुरुजींनी आणि बाईंनी रंगाची वाट न बघता याच आठवड्यात एक करावं. जमिनीलगत आणि प्रत्येक सांध्याखाली हातोडी ठोकून बघावी. आवाज बद्द आला, टोक रुतलं किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर त्या खेळण्याला दोरी बांधून ते बंद ठेवावं आणि वेल्डर बोलवावा. आमच्या तालुक्यातल्या शाळांनी निरोप पाठवला तर असं तपासून द्यायला मी स्वतः येईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक फॅब्रिकेशन कारागीर
ता. दर्यापूर, जि. अमरावती